रिकामं नेलेलं ताट

मी भाविक नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे खाली कोणी "मॅडम, तुमचं मन आधीपासूनच तिकडं झुकलेलं असणार" असं लिहायला नको. भूत, करणी, अंगात येणं, नवस... यातलं काहीही मी मानत नाही. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगायचं तर त्यातल्या चुका शोधायला वाचते. आज स्वतःच लिहायला बसले आहे. माझ्यातली चूक कोणाला सापडली तर मला आनंदच होईल — हे मी अगदी मनापासून म्हणतेय, का ते शेवटी कळेल.

मी नगरला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, जमीन जिरायत, त्यामुळं दिवाळी झाली की आई-आप्पा कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. मी मागं आत्याकडं राहून शिकले आणि बीएस्सी झाले. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. नगरमध्ये आमचा एक छोटा गट आहे. शाळाशाळांतून आम्ही बुवाबाजीचे प्रयोग करून दाखवतो. नारळातून केसांचा पुंजका काढणं, तूप ओतून आपोआप होम पेटवणं वगैरे. आधी मुलं डोळे फाडून बघतात, मग आम्ही त्यामागची युक्ती सांगतो. हातचलाखी कशी करतात हे मला नीट माहीत आहे, एवढंच इथं लक्षात ठेवा.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. पण जागा नीट सांगते. पाथर्डीच्या स्टँडवरून जीप फाट्यावर सोडते. फाट्यावरून आत आलं की आधी आमची वस्ती लागते. पत्र्याचं घर, पुढं पडवी, बाजूला विहीर. तिथून शेताच्या बांधाबांधानं पायवाट ओढ्यात उतरते. ओढा चैत्रात ठणठणीत कोरडा असतो. पलीकडं चढलं की मुजावरांची घरं, आणि त्यांच्या मागं टेकाडावर पीराचा दर्गा. मोठा नाही... चार भिंती, एक घुमट, दारात जुनं लिंबाचं झाड.

तोडीला गेलेल्या टोळ्या परत आल्या की आमच्याकडं उरूस भरतो. त्या दिवशी पीराला लागणारं चंदन आमच्या घरात उगाळायचं, असा मान आहे. आमच्या म्हणजे हिंदूच्या घरात. आईनं सकाळी न्हाऊन सहाणेवर चंदनाचं खोड उगाळायचं, पितळी ताटात काढायचं, वर पांढरं फडकं बांधायचं. आप्पांनी ते ताट डोक्यावर घेऊन ऊन उतरताना दर्ग्यात जायचं. ताट पोचल्याशिवाय मुजावर चादर चढवत नाहीत. ताट कधी रिकामं न्यायचं नाही, आणि दर्ग्यातूनही ते रिकामं परत यायचं नाही... येताना त्यात मलिदा असायचा. हा मान आमच्याकडं का? कुठल्याशा दुष्काळात आमची जनावरं मुजावरांच्या माणसांनी सांभाळली होती, असं आप्पा सांगायचे. खरं-खोटं मला माहीत नाही.

आप्पा गेले त्याच्या पुढचा हा उरूस. म्हणजे मागच्या वर्षीचा.

त्याच्या दोनेक महिने आधी गावात बायकांचा एक कार्यक्रम होता. मला बोलायला बोलावलं होतं. तिथं मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर ते मला शंभर ठिकाणी सांगावं लागलं. मी म्हणाले, "पीराच्या चंदनानं ताप उतरत नाही. तसाच आपल्या देवळातल्या अंगाऱ्यानंही उतरत नाही. ताप उतरतो तो डॉक्टरच्या औषधानं. पण आप्पा ताट न्यायचे ते ताप उतरवायला नाही. ज्यांनी आपली जनावरं जगवली त्यांच्या दारात वर्षातून एकदा जायचं, म्हणून न्यायचे. आणि ते थांबू नये."

माझा धाकटा भाऊ योगेश समोर मोबाईल धरून शूटिंग करत होता. मला तेव्हा बरं वाटलं... भावाला बहिणीचं कौतुक आहे म्हणून.

त्यानं त्यातलं पहिलं वाक्य ठेवलं आणि बाकी कापून टाकलं. "पीराच्या चंदनानं ताप उतरत नाही." बास. एवढीच क्लिप गावाच्या ग्रुपवर गेली. खाली त्याचं लिहिणं — "आमच्या विज्ञान शिकवणाऱ्या आक्काच सांगतात. आता तरी डोळे उघडा. यंदापासून आमच्या घरातून चंदन जाणार नाही."

योगेशला विज्ञानाशी काही देणंघेणं नाही, हे मी स्पष्टच सांगते. तो ज्या पोरांत बसतो त्यांचं म्हणणं, हिंदूनं दर्ग्यात पाय ठेवायचा नाही. अंगाऱ्याचं वाक्य तेवढं त्याला नको होतं. मी फोनवर भांडले तर म्हणाला, "आक्के, तूच बोललीस ना? का मी तुझ्या तोंडात घातलं?"

"पूर्ण टाक मग."

"पूर्ण कोण बघतंय?" असं म्हणून हसला.

शमीमला फोन लावला. शमीम म्हणजे मुजावर चांदचाचांची मुलगी. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. उसाच्या फडावर गेलेल्या आईची आठवण येऊन मी रडायला लागले की हीच मला घरी नेऊन जेवायला घालायची. ती म्हणाली, "सुनीता, आवाज तुझाच हाय ना?"

"माझाच आहे, पण —"

"मग झालं." फोन ठेवला. पुढं उचललाच नाही.

गंमत बघा. शमीमचा भाऊ इरफान पुण्याला कंपनीत आहे, हल्ली फार धार्मिक झालाय. त्यानं माझ्या क्लिपला अंगठा दिला! मला मेसेज केला, "ताई, बरोबर बोललात. कबरीला चंदन लावायचं, हे आमच्यात बसतच नाही. बंद झालेलं चांगलं." म्हणजे माझ्या भावाचा धर्म म्हणतो चंदन जायला नको, त्याचा धर्म म्हणतो चंदन यायला नको. दोघांचं एकमत! दोघांनाही आपलंच बरोबर याची पक्की खात्री. आणि ताट जावं असं वाटणारी गावात उरले मी... जिचा कशावरच विश्वास नाही.

उरसाच्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं निघाले. घरी पोचले तर आई पडवीत शेंगा फोडत बसलेली. चंदनाचा वास नाही. त्या दिवशी आमच्या घरात चंदनाचा वास नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई, सहाण कुठंय?"

आईनं मान वर केली नाही. योगेश आतून आला. "विहिरीत टाकली."

"काय?"

"विहिरीत. काल. आन् खोड देवळात दिलं, तिथं गंधाला लागतं. एवढं तोंड नको वासू, तूच म्हनलीस त्यानं ताप उतरत न्हाई."

मी विहिरीत वाकून बघितलं. तळाला हिरवं पाणी आणि गाळ. ती सहाण माझ्या पणजीच्या आधीपासूनची. काळी, मधे खड्डा पडलेली, एका कडेला टवका उडालेला. तिचे काळे बारीक कण चंदनात उतरायचे आणि आई दरवर्षी कुरकुरायची, "ही मेली चंदनात खडं सोडती."

मी आईजवळ बसले. म्हटलं, "आई, तू तरी बोल ना त्याला. आप्पा असते तर त्याची हिंमत झाली असती का?"

शेंगा फोडायचा आवाज थांबला नाही. मग हळूच म्हणाली, "तू सांच्याला नगरला जाशील. मला हितंच ऱ्हायाचंय, बाई."

क्लिपचं दुःख झालं होतं, पण हे वेगळं होतं. जिनं स्वतःच्या मनगटांची वाट लागेपर्यंत दरवर्षी ते चंदन उगाळलं, तीच खाली मान घालून बसली होती.

मग मी उठले. फळीवरून पितळी ताट खाली काढलं. चिंच लावून नळाखाली घासलं, पदरानं कोरडं केलं. वर पांढरं फडकं घातलं आणि खालून गाठ मारली. आप्पा मारायचे तीच, बैलाच्या दाव्याला मारतात तशी आवळून. ही गाठ मला त्यांनीच शिकवली होती.

"हे काय चाललंय?" योगेशनं विचारलं.

"ताट घेऊन दर्ग्यात जाते. रिकामंच नेणार आहे. आणि चाचांना चार माणसांत सांगणार, की माझं वाक्य कोणी कापलं."

चांदचाचांनी माझ्याबद्दल तसंच समजून बसावं हे मला सहन होत नव्हतं. म्हातारा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू. बारावीत पहिली आले तेव्हा ओढा ओलांडून पेढे घेऊन ते आले होते, आमचे नातेवाईक नव्हे. मला माझं नाव त्यांच्यापुढं साफ करायचं होतं. बाकी काही नको होतं.

चुंबळ करून ताट डोक्यावर घेतलं आणि निघाले. ऊन उतरायला लागलं होतं. बांधावर अर्ध्यात आले तर मागून मोटारसायकल. योगेशनं आडवी लावली. मागं त्याचा एक मित्र, मोबाईल काढूनच बसलेला.

"खाली घे. बघू दे काय हाय."

"रिकामं आहे, सांगितलं ना."

"मग दाखवायला काय झालं? का पाथर्डीवरनं चंदनाची पुडी आनलीस?"

मी ताट बांधावर ठेवलं. गाठ सोडली, फडकं पूर्ण बाजूला केलं. योगेशनं वाकून बघितलं. पितळेवर ऊन चमकत होतं. त्यानं आतून हात फिरवला, फडकंही झटकलं. मग मोठ्यानं हसला.

"आयला, खरंच मोकळं हाय की! रिकामं ताट डोक्यावर घिऊन चाललीय आमची आक्का... बीएस्सी!"

मित्रही हसला. मोबाईल चालू होता की नव्हता, मला माहीत नाही. मी पुन्हा फडकं घातलं, गाठ आवळली आणि ताट उचललं.

ओढा उतरले, चढले. शमीमचं घर वाटेतच आहे. ताट डोक्यावरून उतरवून तिच्या ओट्यावर ठेवलं, दारावर थाप मारली. "शमे, दार उघड. मी आलेय." आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. दार उघडलं नाही. दोनदा हाक मारली. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते : तेवढा वेळ माझी पाठ ताटाकडं होती. ताट माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं, आणि गाठ मी परत उचलताना हातानं चाचपली. जशीच्या तशी होती.

दर्ग्याच्या चढावर मान दुखायला लागली. ताट जड वाटत होतं. मी म्हटलं, ऊन आहे, सकाळपासून पोटात काही नाही, डोळे भरून आलेत... जड वाटणारच. वासही आला. तोसुद्धा मी मनावर घेतला नाही. लहानपणापासून त्या चढावर तोच वास घेत आलेय, आठवणीनं येत असेल.

दर्ग्यात नेहमीच्या मानानं माणसं कमीच. लिंबाखाली आठ-दहा बायका, दारात पोरंटोरं, इरफान एका बाजूला हात बांधून उभा. योगेश मित्राला घेऊन रस्त्यानं वळसा मारून आधीच पोचला होता. पायरीच्या खाली उभा. चांदचाचा आत चादरीजवळ बसले होते. चादर घडीचीच. वाट बघत होते. ताट येणार नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी बसले होते.

"चाचा, मी सुनीता."

"आलीस का, सुने? ये. ठेव हितं."

मी ताट त्यांच्यापुढं ठेवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चाचा, ताट रिकामं आहे. मी मुद्दाम रिकामं आणलंय. यंदा आमच्या घरात चंदन उगाळलं नाही, उगाळू दिलं नाही. पण मी जे बोलले होते ते —"

चाचांनी हात वर केला. नाक वर करून जरा थांबले. "रिकामं?"

"हो."

"मग वास कशाचा येतोय?"

बायका हसल्या. त्यांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मलाही तेच वाटलं. मी खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. रिकामं ताट सगळ्यांना दाखवायचंच होतं मला. गाठ आवळलेली होती, नखानं सोडावी लागली. फडकं वर घेतलं तर ते ताटाला चिकटून आलं.

फडकं खालून ओलं होतं. ताटात चंदन होतं.

चिमूटभर नाही. आई दरवर्षी काढायची तेवढं. ओलं, नुकतं उगाळलेलं, कडेला पाणी सुटलेलं.

मी बोट घातलं. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही, मी वर्गात करते तसं केलं — बोट घातलं, चोळून बघितलं. बाजारच्या पुडीचं नव्हतं. त्याला अत्तराचा उग्र वास असतो. हे खोडाचं होतं. आणि त्यात काळे बारीक कण होते. बोटाच्या दोन पेरांमध्ये ते करकरले.

सगळे एकदम बोलायला लागले. चार-पाच मोबाईल वर आले. मी उभी राहिले आणि ओरडूनच म्हणाले, "हे मी उगाळलेलं नाही. यात कोणी घातलं, कसं आलं, मला माहीत नाही. हा चमत्कार आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणते."

चाचांनी तोवर दोन्ही हात ताटात बुडवले होते. "कुनी का उगाळंना, सुने," ते म्हणाले, "ताट आलं." आणि मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू येईल असं, हसत म्हणाले, "आप्पासारखीच हायेस. द्यायचं आन् दिलं म्हनायचं न्हाई."

म्हणजे त्यांनाही वाटलं मीच आणलं. मी नाही म्हणत होते, ते मान हलवत होते आणि चंदन लावत होते.

मी बाहेर पळत आले. योगेशचा हात धरला. "योग्या, तू बघितलंस ना? बांधावर? रिकामं होतं ना? तू हात फिरवलास ताटात. सांग यांना!"

अख्ख्या गावात तो एकच साक्षीदार होता माझा. दुसरा त्याचा मित्र, तो मोबाईलकडं बघत बाजूला सरकला.

योगेशचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं बघितलं होतं, मला शंभर टक्के माहीत आहे, त्यानं त्याच हातानं बघितलं होतं. माझ्याकडं एकदा पाहिलं. मग त्याच्या पोरांकडं पाहिलं. आणि म्हणाला, "मी कुठं नीट बघितलं? तू शाळंत असलंच करून दावती ना... नारळातनं केस काढती. तसंच केलं असशील."

हात सोडवून घेतला आणि निघून गेला.

पुढचं थोडक्यात सांगते. सांगायला त्रास होतो. त्याच रात्री दोन क्लिपा फिरल्या. एक योगेशच्या पोरांची : मी फडकं उचलतेय, खाली लिहिलंय "अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या मॅडमची हातचलाखी बघा". दुसरी दुसऱ्या बाजूची : तेच फडकं, तेच ताट, खाली "पीराची करामत, न मानणाऱ्याच्याही हातून ताट आलं". दोन्ही क्लिपा मी उभी राहण्याच्या आधीच संपतात. "मला माहीत नाही" हे दोन्हीत नाही. ते कोणालाच नको होतं.

इरफानचा मेसेज आला, "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." शमीमचा आला, "शेवटी आणलंस. मला माहीत होतं, तुला वाईट वाटत असणार." मी लिहिलं, शमे, खरंच मी आणलेलं नाही. तिनं उत्तर दिलं, "बरं." एवढंच. त्या "बरं"मध्ये किती अविश्वास होता ते मला माहीत... आम्ही एका बाकावर बसलोय.

माझी सगळी आशा नगरवर होती. आमच्या गटातले सर, ज्यांनी मला विचार करायला शिकवलं असं मी स्टेजवरून अनेकदा सांगितलंय, त्यांच्यापुढं मी सगळं मांडलं. जसं घडलं तसं, ओट्यावर पाठ फिरली होती त्यासकट. म्हटलं, सर, आपण दोघं मिळून शोधू. एक एक शक्यता तपासू. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा दोष नाही. पहिल्या पिढीचं शिक्षण... घरचे संस्कार आतून जात नाहीत. भावनेच्या भरात तुम्ही स्वतःच नेलं असेल, आणि आता आठवत नसेल." मग म्हणाले, "पुढचे काही कार्यक्रम तुम्ही घेऊ नका."

योगेशनं वाक्य कापलं, तो अडाणी नाही पण त्याच्याकडून मी फार अपेक्षा ठेवलीच नव्हती. सरांचं मात्र अजून जात नाही मनातून. "माहीत नाही" म्हणायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हणाले, तर त्यांनी सही न येणाऱ्या माझ्या आईबापाच्या अडाणीपणावर बोट ठेवलं. त्यांनाही खात्रीच होती. योगेशला होती तेवढीच.

मी एकटीनं तपासलं सगळं. फडक्यात आधी वाळलेलं चंदन असेल आणि ऊन-घामानं ओलं झालं असेल? फडकं योगेशनं झटकलं होतं, आणि एवढं चंदन फडक्यात मावत नाही. ताटाला दुहेरी तळ? आमचंच ताट, मीच घासलेलं. शमीमनं ओट्यावर घातलं? दार उघडलंच नाही, आणि गाठ... शिवाय तिनं घातलं असतं तर "शेवटी आणलंस" असं मला लिहिलं नसतं. देवळातल्या खोडाचं विचारलं. ते देव्हाऱ्यामागं तसंच कोरडं होतं. खोड सोडा, सहाणेचे कण कुठून येणार? सहाण विहिरीत.

मग मला वाटलं, योगेश खोटं बोलला असेल. सहाण त्यानं टाकलीच नसेल. कुठंतरी लपवली असेल, आणि आईनं... हो, आईनं! तो शेतात गेला असताना आईनं गुपचूप उगाळलं असेल. ताटात कसं आलं ते मला सांगता येत नव्हतं, पण तेवढं एक सोडलं तर सगळं जुळत होतं. खरं सांगू? हे मनात आल्यावर मी पहिल्यांदा नीट झोपले. आईनं माझी बाजू सोडली नव्हती, हे मला चमत्कारापेक्षा आणि विज्ञानापेक्षाही जास्त हवं होतं. मी आईला विचारलं नाही. म्हटलं, तिला तिथंच राहायचंय. कशाला अडचणीत आणा. ती सांगेल तेव्हा सांगेल.

मे महिन्यात विहिरीतला गाळ काढायला क्रेन लावली. दुपारी आईचा फोन आला. योगेश बाहेर होता बहुतेक, कारण ती मोकळं बोलत होती.

"सुने, सहान निघाली गं. गाळाच्या पार खालनं. दोन तुकडं झाल्यात." मग म्हणाली, "म्हंजी तवाच फुटली व्हती. टाकली तवाच."

फुटलेल्या सहाणेवर आई उगाळणार तरी कशी?

"सुने... एक इचारू? रागवू नको." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या दिशी चंदन तूच नेलंस ना गं? दुसऱ्या कुनाच्या सहानंवर उगाळून? मी कुनाला न्हाई सांगनार. माझ्या एकटीपुरतं सांग. मला वाटायचं, मी गप बसले पर माझ्या लेकीनं तरी..."

इतके दिवस मी तिच्यावर टेकले होते, आणि ती तिकडं माझ्यावर.

हो म्हटलं असतं तर तिला झोप लागली असती. माझ्या ओठांवर आलं होतं. पण आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी कमावली आहे — जे माहीत नाही ते माहीत आहे म्हणायचं नाही. मी म्हणाले, "नाही आई. मी नाही नेलं."

"न्हाई?"

"नाही."

तिकडून क्रेनचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मग आपल्या दोघींच्या बाजूनं तर कुनीच नव्हतं की गं, त्या दिशी." आणि फोन ठेवला.

माझ्याकडं आजही याचं स्पष्टीकरण नाही. पीरानं केलं असं मी मानत नाही, मानणाऱ्यांवर हसतही नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, कितीही साधं असलं तरी चालेल. फक्त दोन विनंत्या आहेत. एक, हे पुढं पाठवायचं असेल तर पूर्ण पाठवा, मधूनच कापू नका. आणि दुसरी... उत्तर शोधताना त्यात एखादा माणूस निघतो का बघा. ओळखीचा, अनोळखी, कुठल्याही धर्माचा, कोणीही. त्या दिवशी माझ्या बाजूनं कोणीतरी होतं, एवढं त्या ताटात स्पष्ट दिसत होतं. ते माणूस असतं, तर फार बरं झालं असतं.